बालकांच्या पादत्राणांची मापनिश्चिती

नुकत्याच चालू लागलेल्या, म्हणजे साधारणपणे एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाच्या पायाची लांबी, रुंदी आणि चवड्यावरची जाडी पाहून त्याला योग्य पादत्राण ठरविण्याची पद्धती. मोठ्या माणसाला जोडा चावू लागला की ते तो स्वतः सांगतो. या वयातील मूल ते सांगू शकत नाही. त्याच्या पायाचा सांगाडा अद्याप बराचसा कूर्चामय (हाडाऐवजी मऊ, लवचिक कूर्चेचा) असतो व तळवा चरबीने भरलेला असतो, त्यामुळे आखूड बुटातही पाय दुमडून सामावतो आणि मूल तक्रार न करता चालत राहते. म्हणूनच ‘घातले आणि रडले नाही’ ही बूट बरोबर बसल्याची खूण मानता येत नाही.

मुलींच्या पायाची लांबी सुमारे एक वर्षाच्या वयात आणि मुलांच्या पायाची सुमारे दीड वर्षाच्या वयात प्रौढ लांबीच्या निम्मी झालेली असते. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत पाय महिन्याला साधारणपणे एक ते दीड मिमी. वाढतो, तथापि ही वाढ एकसारखी नसते. तळव्याच्या कमानीचा आधार असलेली नौकाकृती अस्थी घोट्याखालच्या अस्थींमध्ये सर्वांत उशिरा, बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आसपास, कठीण होऊ लागते. या वयातील जवळजवळ सर्वच मुलांचे तळवे सपाट दिसतात व तो दोष नव्हे.

माप घेताना मूल उभे असावे आणि दोन्ही पायांवर सारखा भार असावा, कारण भार पडताच पाय लांबीला व रुंदीलाही पसरतो. मांडीवर बसवून घेतलेले माप कमी भरते. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून रेघ काढली, तर घरीही पुरेसे अचूक माप मिळते. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंतचे अंतर मोजावे. हे बोट नेहमी अंगठाच असते असे नाही. दोन पायांत थोडा फरक असणे स्वाभाविक असून मोठा पाय प्रमाण धरावा. माप शक्यतो संध्याकाळी, बुटात जे मोजे वापरावयाचे तेच घालून घ्यावे. पायाच्या पुढे सुमारे १० ते १२ मिमी. मोकळी जागा राहावी असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. तीत चालताना पाय पुढे सरकण्याची आणि पुढील काही महिन्यांच्या वाढीची अशी दोन्ही सोय असते. बुटाच्या टोकावर अंगठ्याने दाबून ही जागा पाहण्याची रीत सर्वत्र आहे, परंतु दाब जाणवताच मूल बोटे आत ओढून घेते आणि जागा असल्याचा भास होतो. आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर मुलाला उभे करणे त्यापेक्षा अधिक विश्वसनीय होय. वाढत्या मापाचे घेण्याची आपल्याकडील सवय कपड्यांपुरती ठीक आहे. फार मोठ्या बुटात टाच निसटते, मूल बोटांनी बूट पकडून चालू लागते व अडखळते. दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा पाहणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

क्रमांकपद्धती : बुटावर छापलेल्या क्रमांकाविषयीचा गोंधळ जुना आहे. इंग्रजी पद्धतीत एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच (सुमारे ८·४७ मिमी.), अर्थात जवाच्या एका दाण्याची लांबी. लहान मुलांचा शून्य क्रमांक चार इंचांवर धरला जातो, क्रमांक तेरापर्यंत चढतात आणि नंतर पुन्हा एकपासून सुरू होतात. ही पद्धती इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याने १३२४ मध्ये कायद्याने सुरू केली, असे अनेक ग्रंथांत आढळते. मात्र ज्या जुन्या कायद्याचा आधार दिला जातो, त्यात जवाचे तीन दाणे म्हणजे एक इंच एवढेच सांगितलेले असून बुटांचा उल्लेख नाही, आणि त्या कायद्याचा काळही निश्चित नाही. जोडे करणाऱ्या कारागिरांच्या ठरलेल्या मापांचा उल्लेख इंग्लिश लेखक रँडल होम याच्या १६८८ मधील लेखनात येतो. पद्धती या कारागिरांच्या व्यवहारातून हळूहळू घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. यूरोपात प्रचलित असलेल्या फ्रेंच पद्धतीत एक क्रमांक दोन तृतीयांश सेंमी.चा असतो. त्यामुळे इंग्रजी पाच क्रमांक (सुमारे १४४ मिमी.) हा यूरोपीय २१ व २२ यांच्या दरम्यान येतो. अमेरिकी क्रमांक इंग्रजीपेक्षा साधारणपणे अर्धा ते एकने जास्त असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या सर्व पद्धतींत मोजले जाते ते कलबूत, म्हणजे ज्यावर बूट बेतला जातो तो साचा, पाय नव्हे. कलबुतात मोकळी जागा किती धरावी हे प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवितो, म्हणून एकाच क्रमांकाचे दोन बूट आतून भिन्न लांबीचे निघतात. मोंडोपॉइंट या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पायाचीच लांबी व रुंदी मिमी.मध्ये दिली जाते. बालकांच्या दृष्टीने ती सर्वांत सरळ आहे, परंतु किरकोळ विक्रीत ती फारशी रुळलेली नाही. वयावरून क्रमांक देणारे तक्ते केवळ अंदाजापुरते वापरावेत.

मापनसाधने : सरकत्या पट्ट्यांचे धातूचे मापनयंत्र अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील चार्ल्स ब्रॅनक याने १९२०च्या दशकात तयार केले. टाच ते बोट, टाच ते चवडा व रुंदी अशी तीन मापे त्यावर मिळतात. यांतील दुसऱ्या मापाकडे दुकानांत सहसा लक्ष दिले जात नाही. वास्तविक बूट जेथे वाकतो ती जागा चवड्याखालीच यावी लागते. क्ष-किरणांनी बुटातील पाय दाखविणारे पेडोस्कोप हे यंत्र प्रथम कोणी बनविले याविषयी एकमत नाही. बॉस्टन येथील डॉक्टर जेकब लो याने १९१९ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला व १९२७ मध्ये ते त्याला मिळाले. मिलवॉकी येथील क्लॅरेन्स कॅरर याच्या नावेही शोधाचा दावा आहे, तर इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथील उत्पादकांनीही अग्रमान सांगितला होता. उपलब्ध कागदपत्रे लोच्या बाजूने अधिक आहेत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत अशी सुमारे दहा हजार यंत्रे होती. किरणोत्साराचा धोका ध्यानात आल्यावर १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांवर बंदी घातली आणि नंतर ही यंत्रे इतरत्रही हटली. पायाला काही अपाय होऊ नये म्हणून घेतलेल्या मापासाठी वाढत्या वयाच्या मुलांना किरणांसमोर उभे केले गेले, ही खेदाची गोष्ट आहे.

बूट की अनवाणी : मणिपाल येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८·६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २·८ टक्के आढळले. बंद बूट वापरणाऱ्यांत ते अधिक होते. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही घरात व स्वच्छ अंगणात मुलाला अनवाणी चालू द्यावे, या मताला तिने बळ दिले आहे. ऑस्ट्रियातील ८५८ शाळापूर्व वयाच्या मुलांच्या २००९ मधील अभ्यासात बहुसंख्य मुलांचे बूट आखूड असल्याचे आणि आखूडपणाबरोबर अंगठ्याचा इतर बोटांकडचा कल वाढत असल्याचे दिसून आले. बाहेर मात्र पादत्राण आवश्यक आहे. तापलेली डांबरी सडक, काटे, काचा आणि ओल्या मातीतून तळव्याच्या त्वचेवाटे शिरणारा अंकुशकृमी ही त्याची मुख्य कारणे होत.

भारतात चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात एक लाखाहून अधिक व्यक्तींचे पाय त्रिमितीय यंत्रांनी मोजले. भारतीय पाय पाश्चात्त्य पायापेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले. त्यावरून सुचविलेल्या ‘भा’ या पद्धतीत वय व लिंग यांनुसार आठ गट असून एक ते तीन वर्षांच्या बालकांचा गट स्वतंत्र आहे.

तळ पातळ व चवड्याशी सहज वाकणारा, पुढचा भाग रुंद, वरचे आवरण मऊ आणि पट्टा घट्ट-सैल करता येण्याजोगा असावा. मागे पट्टा नसलेली चप्पल या वयाला योग्य नाही. दुसऱ्या मुलाचे उतरलेले बूट, विशेषतः एका बाजूने झिजलेले, टाळावेत. जन्मतः वाकड्या पावलांसाठी पट्टीला जोडलेले बूट दिले जातात. ते उपचाराचे साधन असून त्यांचे माप अस्थिव्यंगतज्ज्ञच ठरवितात.