बूस्टर: नाकाला वास नाही, यंत्राला पत्ता नाही

टेबल टेनिसची स्पंजची बॅट जगाला पहिल्यांदा हादरवून गेली ती मुंबईत. १९५२ च्या जागतिक स्पर्धेत एका चष्मेवाल्या जपानी खेळाडूच्या बॅटवरून चेंडू आवाज न करता यायचा, आणि भलेभले फसले. १९५९ मध्ये रबर-स्पंजच्या जाडीला ४ मिलिमीटरची मर्यादा आली. ती आजही आहे.

सत्तरच्या दशकात युरोपातल्या खेळाडूंच्या हाती सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लागलं. ताजं सोल्यूशन लावलं की स्पंज फुगतो, वरचं रबर ताणलं जातं, चेंडू सणकून सुटतो आणि बॅट टणत्कार करते. काही तासांत असर उतरायचा, म्हणून दर सामन्याआधी पुन्हा डबा उघडायचा. हॉलच्या मागे डोकं दुखेल असा वास. आरोग्याचं कारण देऊन, बीजिंग ऑलिंपिक उरकताच १ सप्टेंबर २००८ पासून असे ग्लू बंद झाले.

वास गेला, भूक राहिली. चेंडू २००० मध्येच ३८ वरून ४० मिलिमीटरचा, म्हणजे संथ झाला होता. २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं, फिरकी आणखी घटली. ती भूक भागवायला ग्लू बंद झाल्यापासूनच पॅराफिनसारख्या तेलांचे बूस्टर आले होते. स्पंजवर ब्रशने हात मारायचा. रबराचं नळकांडं होतं. काही दिवसांत ते पुन्हा सपाट होतं, मग पाण्याच्या ग्लूने चिकटवायचं. असर तासांचा नाही, आठवड्यांचा.

घोळ आहे तो एका शब्दात: 'प्रक्रिया'. रबरावर भौतिक, रासायनिक किंवा अन्य कोणतीही प्रक्रिया न करता ते वापरावं, असं नियम सांगतो. वाचायला सरळ. पण प्रक्रिया कुणी केलेली? जर्मनीत बनणाऱ्या कितीतरी रबरांत ताण कारखान्यातच भरलेला असतो. कडक स्पंजच्या चिनी चिकट रबरांच्याही काही आवृत्त्या स्पंजवर आधीच थर देऊन विकल्या जातात. हे सगळं आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मंजूर रबरांच्या यादीत. तोच परिणाम खेळाडूने घरी साधला की फसवणूक. साधं कडक चिनी रबर बूस्टरशिवाय मेल्यासारखं लागतं, हे ते वापरणारा कुणीही सांगेल; त्यामुळे नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही.

त्यात पकडणार कसं? तपासणीच्या टेबलावर जाडी मोजतात, सपाटपणा पाहतात आणि यंत्राने वाफा हुंगतात. यंत्र ग्लूच्या जमान्यातलं. तेल उडतच नाही, तर ते हुंगणार काय! उरते जाडी. त्यावर तोड सोपी: थोडा पातळ स्पंज घ्यायचा, फुगून तो ४ च्या आत बसतो.

२०१२ मध्ये एका जपानी डावखुऱ्याने हे उघडपणे मांडलं आणि निषेध म्हणून काही महिने आंतरराष्ट्रीय स्पर्धा सोडल्या. नियम होता तसाच राहिला. तो परतला, आणि २०१६ मध्ये रिओत त्याने एकेरीचं कांस्य घेतलं.