दानाकडून डावाकडे: नेरूळच्या एका रविवारामागचा इतिहास

रविवारी सकाळी साडेसातला नेरूळच्या मैदानावर फक्की मारून झाली की आमची लीग सुरू होते. खेळ बोचीचा. एक छोटा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले मोठे चेंडू त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. गोट्या खेळलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. खेळाडू बौद्धिक दिव्यांग, बहुतेक विशी-तिशीतले. प्रत्येकाबरोबर एक सोबती. सोबत्यांत पहिला मिस्सा आटोपून आलेल्या चर्चच्या मुली आहेत, गुरुद्वारात जोडे सांभाळणारे एक सरदारजी आहेत, धर्माधिकारींच्या आध्यात्मिक बैठकीला जाणारे काही श्रीसदस्य आहेत आणि माझ्यासारखे माळकरी घरातले दोघं-तिघं. का येता म्हणून विचारलं तर सगळे एकच शब्द सांगतात: सेवा. पण सेवा म्हणजे आपल्याकडे देणं, आणि खेळात तर समोरच्याला हरवायचं असतं. या दोन गोष्टी एका मैदानावर कशा आल्या, त्याचा हा मागोवा.

अपंगांसाठी आपल्या भागात पहिली दारं उघडली ती बरीचशी धर्मभावनेनेच. १८८५ मध्ये बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तिकडे लाहोरच्या गुरुद्वारात १९३४ मध्ये कोणीतरी सोडून गेलेल्या चार वर्षांच्या अपंग मुलाला भगत पूरणसिंगांनी उचललं आणि पुढे कित्येक वर्षं पाठीवर वागवलं. फाळणीनंतर अमृतसरला उभं राहिलेलं पिंगळवाडा हे निराधार-आजाऱ्यांचं घर त्यातूनच वाढलं. निवारा, अन्न, अक्षरओळख हे सगळं श्रद्धेने दिलं. मैदान मात्र दिलं नाही.

खरं तर श्रद्धा आणि व्यायाम यांचं नातं महाराष्ट्राला नवीन नाही. समर्थांपासून बलोपासना आणि मारुती ही जोडी आहे. तालीम तिथे मारुतीची मूर्ती, आणि आखाड्यात उतरताना आधी तिला नमस्कार. ठाण्यात चरईच्या मावळी मंडळासारख्या संस्थांनी पोरांना मैदानी खेळांचं वेड लावलं. पण ही सगळी उपासना धडधाकट शरीराची होती. ज्याचं शरीर किंवा बुद्धी वेगळी, तो कट्ट्यावर बसून बघणार, हे कोणी न बोलताच ठरलेलं असे. हे मला आजही सलतं.

दिव्यांगाने खेळावं, हा विचार रुग्णालयातून आला. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्याच वाटेवर आपले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर गेले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं.

आमच्या मैदानाचं थेट मूळ अमेरिकेत सापडतं. युनिस केनेडी श्रायव्हर या निष्ठावान कॅथलिक. थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग. जून १९६२ मध्ये युनिसबाईंनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर भरवलं आणि जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक शाळा-कॉलेजातला स्वयंसेवक दिला. सोबती ही कल्पना मला पहिल्यांदा दिसते ती तिथे. जुलै १९६८ मध्ये शिकागोला पहिले स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांचे क्रीडासामने, झाले. पुढे नव्वदच्या दशकाअखेर जॉर्जियात मिरॅकल लीग निघाली. तिथे बेसबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ एक ‘बडी’ असतो, प्रत्येकाला बॅट मिळते आणि कोणी बाद होत नाही. लहानांसाठी हे फार छान आहे. पण तिशीच्या माणसाला मला ते पुरेसं वाटत नाही. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये वय आणि कुवत पाहून सारख्यास सारखे गट पाडतात, आणि मग हार ही खरी हार असते. आम्ही तीच पद्धत धरली.

आपल्याकडे स्पेशल ऑलिंपिक्स भारत २००१ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि खेळातला सहभागही सरकारची जबाबदारी ठरवली. नवी मुंबईत तर खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, वाशीला ईटीसी हे महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. अडतं ते अठरानंतर. विशेष शाळा सुटते, कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मूल घरात बसतं आणि आई-वडील म्हातारे होत जातात. शाळेच्या बसची वेळ संपली की दिवसाला आकारच उरत नाही, असं एक आई मला म्हणाल्या. ती पोकळी सरकारी वेळापत्रकाने भरत नाही. त्याला दर रविवारी न चुकता येणारं माणूस लागतं, आणि न चुकता येणं हे वारी, संगत, मिस्सा, बैठक यांतल्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

सुरुवातीला मी माझ्या खेळाडूशी खेळताना त्याला मुद्दाम जिंकू द्यायचो. चेंडू जरा जोरात सोडायचा, लांब गेला की अरेरे म्हणायचं. चौथ्या रविवारी त्याने आपला चेंडू हातातच धरून ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, नीट खेळा ना.” मला मान वर करवेना. त्या दिवशी उरलेला डाव मी नीट खेळलो. तो १२–७ ने हरला, चेंडू एकेक करून जाळीत भरले आणि पुढच्या रविवारी लवकर येऊन सराव करू का म्हणून विचारलं. आता आम्ही दोघं सातलाच पोचतो. फक्की तोच मारतो.