घर सोडलं म्हणजे कर्जही सुटलं?

"घटस्फोटात घर एकाच्या नावावर झालं, की दुसऱ्याची गृहकर्जातून आपोआप सुटका होते," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. ज्याचं घर त्याचं कर्ज, हे न्याय्य वाटतं, म्हणून पटतंही. पण तसं होत नाही.

मालकी ठरते नोंदणी झालेल्या दस्तावरून. कर्ज हा बँक आणि सह्या करणारे दोघे यांच्यातला वेगळा करार. 'हप्ते एकानेच भरायचे' असं नवरा-बायकोने अगदी न्यायालयासमोर ठरवलं, तरी बँक त्या तडजोडीत सहसा पक्षकार नसते. त्यामुळे हप्ते थकले तर ती दोघांकडेही मागू शकते, आणि थकबाकीची नोंद घर सोडून गेलेल्याच्या नावावरही पडते. मला सर्वांत क्लेशदायक वाटतं ते हेच: घर हातातून गेलेलं, कर्ज मात्र मानेवर, आणि अनेकदा हे कळतं ते नव्या घरासाठी अर्ज केल्यावर.

खरी सुटका हवी तर बँकेने लेखी संमती देऊन नाव वगळायला हवं, किंवा घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडायला हवं. एकट्याचं उत्पन्न त्याला पुरेल का, हे बँक आधी पाहते. नाहीतर घर विकून कर्ज मिटवणं उरतं.

कर्जाचा करार काढून सहकर्जदाराच्या जागी कुणाची सही आहे ते पाहा. मग स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, मागवा. त्यात ते कर्ज चालू दिसत असेल, तर जबाबदारी अजून तुमचीही आहे. हे सगळं हक्कसोडपत्रावर, म्हणजे घरातला आपला हिस्सा सोडण्याच्या दस्तावर, सही करण्याआधी करा. नंतर अट घालायला हातात फारसं काही राहत नाही.