वैद्यकीय साहाय्यक

वैद्यकीय साहाय्यक : डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या तपासणीची पूर्वतयारी, साध्या वैद्यकीय प्रक्रिया आणि कार्यालयीन कामकाज या तिन्ही बाजू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सांभाळणारा प्रशिक्षित कर्मचारी. इंग्रजीत त्याला ‘मेडिकल असिस्टंट’ म्हणतात. या नावाने हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजला आणि वाढला. त्यामुळे प्रस्तुत नोंदीतील नियम, परीक्षा आणि वेतनाचे आकडे, वेगळा उल्लेख नसेल तेथे, त्याच देशातील आहेत.

नावाच्या साधर्म्यामुळे वैद्यकीय साहाय्यक आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ यांची वारंवार गल्लत होते, आणि करिअरचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला ती महागात पडू शकते. फिजिशियन असिस्टंट हा व्यवसाय १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून जन्माला आला. त्यासाठी आज पदव्युत्तर शिक्षण आणि परवाना लागतो, आणि तो घेणारी व्यक्ती निदान करते व औषधेही लिहून देते. वैद्यकीय साहाय्यकाला यांपैकी काहीही करता येत नाही. तो परिचारिकाही नसतो, आणि रुग्णासमोर स्वतःला तसे म्हणवून घेणे किंवा इतरांनी तसे म्हटले तर ते चालवून घेणे चुकीचे आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक साहाय्यक काम करता करताच शिकत. पत्रव्यवहार आणि जमाखर्च पाहण्यासाठी नेमलेली मदतनीस हळूहळू उपकरणे निर्जंतुक करू लागे, पट्ट्या बदलू लागे आणि काही वर्षांत दवाखान्याचा कणा होऊन बसे. पण तिच्या ज्ञानाला दुसऱ्या दवाखान्यात काही मोल नसे, कारण ते कोणी तपासलेले नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स ही संघटना उभी राहिली आणि मॅक्सीन विल्यम्स तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या संघटनेची प्रमाणन परीक्षा १९६३ मध्ये सुरू झाली. अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स या १९३९ पासूनच्या संस्थेनेही १९७२ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय साहाय्यक ही श्रेणी आणली. दरम्यान १९६५ मध्ये मेडिकेअर ही सरकारी विमायोजना आली आणि दवाखान्यांतील कागदपत्रे वाढली. १९९६ च्या हिपा कायद्यानंतर रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला. १ ऑक्टोबर २०१५ पासून रोगांच्या संकेतांकांची दहावी आवृत्ती लागू झाली तेव्हा ते संकेतांक नव्याने शिकण्याचा भार मोठ्या प्रमाणात याच वर्गावर पडला.

कामाचे स्वरूप : कामाची यादी लांब आहे. अपॉइंटमेंट देणे, विम्याची पूर्वमंजुरी मिळवणे, रुग्णाचा पूर्वेतिहास आणि चालू औषधे नोंदवणे, वजन, तापमान, नाडी व रक्तदाब मोजणे, हृदयालेख काढणे, रक्त घेणे, इंजेक्शन देणे, टाके काढणे, लहान शस्त्रक्रियेची मांडणी करणे आणि मूत्रपट्टी किंवा रक्तशर्करेसारख्या सोप्या चाचण्या करणे ही कामे तीत येतात. यांपैकी चाचण्यांचे नियमन प्रयोगशाळांविषयीच्या १९८८ च्या कायद्यानुसार होते. मात्र यादी वाचून या कामाचे गांभीर्य कळत नाही. ते कळण्यासाठी एखादेच काम जवळून पाहावे लागते.

रक्तदाब मोजणे हे सर्वांत सोपे काम समजले जाते. रुग्ण घाईघाईने जिना चढून आला, तपासणीच्या टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसला, मोजणी चालू असताना बोलत राहिला आणि त्याच्या जाड दंडाला लहान मापाचा पट्टा गुंडाळला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. आणि त्याच आकड्याच्या भरवशावर डॉक्टर वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी गोळी सुरू करू शकतात. म्हणून रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू देणे, पाठीला आधार देणे, पावले जमिनीवर टेकवणे, पायावर पाय न ठेवू देणे, दंड हृदयाच्या पातळीवर आणणे आणि दंडाच्या घेराला योग्य असा पट्टा निवडणे हे सगळे शिकवले जाते. गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी गळतात ती हीच पाच मिनिटे. ती न गाळणारा साहाय्यक रुग्णावर उपकार करत असतो, जरी रुग्णाला ते कधी कळले नाही तरी.

रक्त घेण्याचेही तसेच आहे. शीर सापडणे हा कौशल्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग नळ्यांच्या क्रमात असतो. रक्तसंवर्धनाच्या बाटल्या आधी, मग फिकट निळ्या टोपणाची नळी, त्यानंतर लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी असा हा क्रम आहे. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त ईडीटीए घातलेले असते. क्रम चुकून त्याचा अंश पुढच्या नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते. रुग्णाला नसलेला विकार कागदावर उमटतो. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाहून अधिक ठेवायचा नाही आणि नळीवर नाव लिहिण्यासाठी रुग्ण नजरेआड होण्याची वाट पाहायची नाही, हे नियमही याच जातीचे आहेत. सुई टोचण्याच्या अपघातांबाबत १९९१ चे रक्तजन्य रोगजंतूंविषयीचे मानक आणि २००० चा सुई-सुरक्षा कायदा लागू होतो. पहिल्यानुसार मालकाला धोक्यात काम करणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस-बीची लस विनामूल्य उपलब्ध करावी लागते. दुसऱ्यानुसार सुरक्षित सुया निवडताना प्रत्यक्ष सुई हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेणे बंधनकारक आहे. ही दुसरी तरतूद फार शहाणपणाची आहे.

अधिकाराची मर्यादा : या व्यवसायाचा गाभा एकाच भेदात सांगता येतो, तो म्हणजे नोंद आणि निर्णय यांतला भेद. साहाय्यक पाहतो, मोजतो, विचारतो, लिहितो आणि डॉक्टरांनी आखून दिलेले पार पाडतो; त्याचा अर्थ लावणे हे त्याचे काम नाही. छातीत दुखते म्हणून दूरध्वनी करणाऱ्याला ‘थोडा वेळ थांबून पाहा’ असे सांगणे दोन शब्दांचे वाटले, तरी तो वैद्यकीय निर्णय असतो. साहाय्यकाने दवाखान्याने लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे रुग्णाला तातडीच्या सेवेकडे वळवायचे आणि डॉक्टरांना तत्काळ कळवायचे असते. अनेक वर्षे एकाच डॉक्टरांबरोबर काम केलेल्या माणसाला त्यांचे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते, आणि मोह होतो तो तेथेच. चांगले प्रशिक्षण हा मोह ओळखायला शिकवते. केवळ इंजेक्शन द्यायला शिकवणारे प्रशिक्षण अपुरे म्हणावे लागेल.

कायद्याची रेषा राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात साहाय्यकाचे वय किमान १८ असावे लागते आणि इंजेक्शन देण्यापूर्वी त्या विषयाचे किमान १० तासांचे प्रशिक्षण घेऊन स्नायूत, त्वचेखाली आणि त्वचेत अशी प्रत्येक प्रकारची किमान १० इंजेक्शने देखरेखीखाली यशस्वीपणे द्यावी लागतात. शिरेतून रक्त घेण्यासाठी आणि बोटाला टोचून रक्त घेण्यासाठी तेवढीच वेगळी अट आहे. शिरेत सलाइनची नळी जोडणे, चाचणीच्या निष्कर्षांचा अर्थ लावणे आणि दूरध्वनीवरून रुग्णाच्या तातडीचे मूल्यमापन करणे तेथे त्याला मना आहे. वॉशिंग्टन राज्यात १ जुलै २०१३ पासून साहाय्यकांना राज्याकडून श्रेणीनुसार अधिकृत नोंद मिळवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये इंजेक्शन देणे दीर्घकाळ साहाय्यकाच्या कक्षेबाहेर राहिले आहे. बहुतेक राज्यांत परवान्याची अट नाही, पण नोकरी देणारे दवाखाने प्रमाणपत्र मागतात.

प्रशिक्षण : शालान्त शिक्षणानंतर साधारण नऊ महिने ते एक वर्षाचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम, अथवा दोन वर्षांची सहयोगी पदवी, असे दोन रूढ मार्ग आहेत. शरीररचना आणि शरीरक्रिया, वैद्यकीय परिभाषा, औषधशास्त्राची तोंडओळख, निर्जंतुकीकरण, संकेतांकन व देयके, कायदा आणि नीती हे विषय दोन्हीकडे असतात. मात्रेच्या गणिताकडे अनेक विद्यार्थी धास्तीने पाहतात, खरे तर ते शाळेतील त्रैराशिकच असते. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असेल आणि ३७५ मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर उत्तर ७.५ मिलिलिटर. गणित चुकण्यापेक्षा दशांशचिन्ह चुकण्याची भीती मोठी असते. म्हणून ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळायचे नाही आणि ५ लिहिताना पुढे ‘.०’ जोडायचे नाही, कारण घाईत बिंदू दिसला नाही की मात्रा दसपट होते.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्यक्ष दवाखान्यात किमान १६० तासांचे बिनपगारी अनुभवकार्य असते. वर्गात रबरी दंडात सुई खुपसलेल्या विद्यार्थ्याला येथे प्रथमच घाबरलेला, चिडलेला किंवा रडणारा माणूस भेटतो. एखाद्या वृद्ध रुग्णाला औषधाची वेळ समजली का, हे ‘समजले ना?’ असे विचारून कळत नाही, कारण संकोचाने माणूस मान डोलावतो. ‘ही गोळी घरी कशी घ्याल, मला सांगा’ असे म्हटले की गैरसमज उघडा पडतो. हे वाक्य पुस्तकातही असते, पण अंगवळणी पडते ते अनुभवकार्यातच. त्यामुळे नोंदणी कक्षात बसून फायली लावण्यात हे तास संपले, तर विद्यार्थ्याने शिक्षकांकडे तक्रार करायला संकोचू नये.

जर्मनीतील व्यवस्था याहून वेगळी आहे. तेथे हा व्यवसाय शिकाऊ उमेदवारीच्या दुहेरी पद्धतीत शिकवला जातो. तीन वर्षे काही दिवस दवाखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत जातात व उमेदवाराला विद्यावेतन मिळते. ‘आर्त्सहेल्फेरिन’, म्हणजे डॉक्टरांची मदतनीस, हे जुने नाव जाऊन २००६ मध्ये वैद्यकीय व्यावसायिक कर्मचारी या अर्थाचे नवे पदनाम आले. शिकणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने पाहता ही पद्धत निःसंशय न्याय्य आहे.

संस्थेची निवड आणि प्रमाणन : अमेरिकेत प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न शुल्काचा नसून मान्यतेचा आहे. काहेप आणि अबहेस या दोन संस्थांची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी ‘प्रमाणित वैद्यकीय साहाय्यक’ परीक्षेच्या रूढ मार्गाला थेट पात्र ठरतात. आकर्षक जाहिराती करणाऱ्या नफेखोर शिक्षणसंस्थांनी या क्षेत्रातील होतकरू, बहुधा कष्टकरी घरांतील तरुणींचे फार नुकसान केले आहे. वैद्यकीय साहाय्यकाचा अभ्यासक्रम चालवणारा कॉरिन्थियन कॉलेजेस हा समूह एप्रिल २०१५ मध्ये एकाएकी बंद झाला तेव्हा सुमारे १६,००० विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले. त्याच्या विविध अभ्यासक्रमांच्या सुमारे ५,६०,००० कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलरचे शैक्षणिक कर्ज माफ करण्याची घोषणा शासनाने २०२२ मध्ये केली. दुसरा प्रश्न श्रेयांकांचा : येथे मिळवलेले श्रेयांक पुढे परिचर्या महाविद्यालय मान्य करील का, याचे उत्तर त्या महाविद्यालयाकडूनच लेखी घ्यावे.

‘प्रमाणित’ परीक्षेत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि प्रत्येकी ४० मिनिटांचे चार भाग मिळून १६० मिनिटे मिळतात. प्रमाणपत्र ६० महिने टिकते. नंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते किंवा या काळात निरंतर शिक्षणाचे ६० गुण जमवावे लागतात. इतर संस्थांच्या परीक्षाही दवाखान्यांना चालतात, पण आपल्या राज्यात कोणती ग्राह्य आहे हे आधी पाहणे आवश्यक असते. संगणकीय नोंदींच्या सरकारी प्रोत्साहन योजनेने २०१३ पासून औषधे व चाचण्यांचे आदेश संगणकात भरण्याची मुभा प्रमाणित साहाय्यकांना दिली, तेव्हापासून प्रमाणपत्राला अधिक वजन आले.

वेतन आणि पुढील वाटचाल : अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये वैद्यकीय साहाय्यकाचे मध्यक वार्षिक वेतन ४२,००० डॉलर होते, तर नोंदणीकृत परिचारिकेचे ८६,०७० डॉलर. २०२३ ते २०३३ या काळात या व्यवसायातील नोकऱ्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढतील, असा त्याच विभागाचा अंदाज होता. वृद्धांची वाढती संख्या हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. निम्म्याहून अधिक साहाय्यक डॉक्टरांच्या दवाखान्यांत काम करतात. मागणी आणि पगार यांतील ही तफावत या व्यवसायाचे सर्वांत मोठे दुखणे आहे, आणि अनेक चांगली माणसे काही वर्षांतच तो सोडतात.

राहणाऱ्यांपुढे दोन दिशा असतात. पहिली त्याच कामात खोल जाण्याची : नेत्र, त्वचा, हृदय किंवा बालरोग अशा एका शाखेत निपुण होणे, रक्तसंकलनाचे किंवा हृदयालेखाचे जोड प्रमाणपत्र घेणे, नव्या साहाय्यकांना शिकवणे आणि पुढे दवाखान्याचे व्यवस्थापन पाहणे. रुग्णांची भाषा येणाऱ्या साहाय्यकाला विशेष किंमत असते, मात्र दुभाषा म्हणून बसताना त्याने त्या कामाचेही शिक्षण घेतलेले असावे. दुसरी दिशा परिचर्या, क्ष-किरण तंत्र किंवा फिजिशियन असिस्टंट अशा परवानाधारक व्यवसायांकडे जाते. फिजिशियन असिस्टंटच्या अनेक अभ्यासक्रमांना प्रवेशापूर्वी रुग्णसेवेचे शेकडो तास दाखवावे लागतात. साहाय्यक म्हणून केलेले काम त्यांत बहुतेक ठिकाणी धरले जाते, म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तासांची आणि कामांची नोंद स्वतःच्या वहीत तारखेनिशी ठेवून वरिष्ठांची सही वेळच्या वेळी घ्यावी.