बारीक माणसाला शुगर कशी काय होते?

शुगरचा विषय निघाला की पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो पण तो तर किती बारीक आहे, त्याला कशी काय झाली?" मग टेन्शन, घराणं, भेसळ असं सगळं निघतं. गंमत म्हणजे ह्या प्रश्नावरचं बरंचसं काम आपल्याच रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलमध्ये झालंय.

तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन ह्यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सेम टू सेम २२.३, म्हणजे वजनकाट्याच्या हिशोबाने दोघंही एकदम ओके. पण स्कॅन करून अंगातली चरबी मोजली तर यूडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के, दुपटीहून जास्त! त्यात यूडकिन मॅरेथॉन पळणारे आणि याज्ञिकांचं पळणं म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, हेही त्या लेखातच लिहिलंय, लपवालपवी नाही.

आणि हे फक्त बैठ्या कामामुळे असंही नाही. पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा इकडची बाळं सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची निघाली. आपली बाळं सगळीकडून बारीक, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे सुरुवातच अशी, मग पुढे चाळिशीत खुर्चीवर बसून पोट सुटलं की काय होणार.

चरबीने एवढं काय बिघडतं? जेवल्यावर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू, तेच कमी असले तर साखर जाणार कुठे. दुसरीकडे पोटातली चरबी लिव्हरमध्येही साचायला लागते आणि लिव्हर इन्शुलिनचं (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं) ऐकेनासं होतं. आपण झोपलेलो असताना लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, मेंदूला ती लागतेच, आणि किती सोडायची ह्यावर लगाम असतो इन्शुलिनचा. लगाम सैल झाला की साखर येतच राहते, त्यात पहाटे कॉर्टिसोलसारखे हार्मोन्स वाढतात ते ह्याला अजून हातभार लावतात. म्हणून रात्री नुसतं ताक पिऊन झोपलेल्या माणसाचं फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) सकाळी १३० येतं आणि तो लॅबवाल्याशी भांडत बसतो. (१०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटीस, डायबेटीसचा उंबरठा, १२६ किंवा वर दोनदा आलं की डायबेटीस.)

त्यामुळे वजनापेक्षा टेप बरी. कंबर मोजताना पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडून निवांत उभं राहायचं. पुरुषांची ९० सेंमीच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, शुगर चेक करून घ्या.

आता व्यायाम. स्नायू हलत असताना ते इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर आत घेतात, म्हणून जेवणानंतर १५ मिनिटं चाललं तरी पीपीमध्ये, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेत, फरक दिसतो. पण एकदा केलेल्या व्यायामाचा असर साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणजे रविवारी सिंहगड चढलात, वर पिठलं-भाकरी, भजी आणि मडक्यातलं दही हाणलंत, तर त्या चढणीचा फायदा मंगळवारपर्यंत संपला, आणि पुढे शनिवारपर्यंत हिंजवडीत खुर्ची. सिंहगड सोडू नका, पण आठवड्यात मधे दोनदा तरी वजनं उचला किंवा उठाबशा काढा, आपल्याला स्नायूंचीच तर टंचाई आहे.

खाण्याबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं म्हणून दोनच गोष्टी. एक, गुळाचा चहा. गूळसुद्धा मुख्यतः तीच साखर आहे, शुगरवाल्याला त्यात काही सूट नाही. दोन, उपवास. एकादशी दुप्पट खाशी हे आपण हसत हसत म्हणतो पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यापेक्षा रोजच्या ताटात आधी कोशिंबीर-उसळ आणि मग पोळी-भात एवढं केलं तरी साखर हळू चढते. आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता कडक उपवास अजिबात नको. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी परत चेक करायचं, उपवास मोडला तरी चालेल.

शेवटची गोष्ट मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या नेहमीच्या गोळीची. गोळी चांगली आहे, जुनी आहे, स्वस्त आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की बी१२ व्हिटॅमिन कमी करू शकते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. बी१२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात आणि शुगरने नसा खराब झाल्या तरी मुंग्याच येतात. त्यामुळे तळपाय बधिर वाटत असतील तर शुगरमुळेच असेल असं परस्पर ठरवू नका, पुढच्या वेळी एचबीएवनसीला (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या टेस्टला) रक्त देताना बी१२ पण लिहून द्या असं डॉक्टरांना सांगा.