शर्यतीतला ससा बिळात राहत नाही

रात्री माळावरच्या रस्त्यानं मोटारसायकलवरून जाताना दिव्याच्या झोतात कधीतरी ससा सापडतो. बाजूच्या गवतात घुसायचं सोडून तो झोतातच पुढे पुढे, नागमोडी पळत राहतो. लांब कान, करडं-तपकिरी अंग, मानेमागे काळा पट्टा. शाळेतल्या तक्त्यावर ‘ससा म्हणजे रॅबिट’ असं पाठ केलेलं असतं, पण हा रॅबिट नव्हे, हेअर. (उच्चार केसांसारखाच, त्याला इलाज नाही.)

रॅबिट म्हणजे पिंजऱ्यातला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. घरोघरी पाळले जातात ते सगळे ससे त्या एकाच जातीचे. हेअर मात्र कधी माणसाळलाच नाही. दोघं एकाच कुळातले, पण रॅबिटची गुणसूत्रं 44 आणि हेअरची 48, त्यामुळे त्यांचा संकर होत नाही.

खरी गंमत पिल्लांत आहे. रॅबिट जमिनीत बीळ खणतो आणि मादी आत मऊ केसांचं अंथरूण करून विते. पिल्लं जन्मतात ती डोळे मिटलेली, उघडीवाघडी, अगदी उंदराच्या पिल्लांसारखी. बिळाच्या अंधारात त्यांचं भागतं. हेअरला बीळच नाही. गवतात अंगानं दाबून केलेला एक खोलगट खळगा, एवढंच त्याचं घर. अशा उघड्यावर आंधळं पिल्लू टिकणार कसं? म्हणून हेअरचं पिल्लू अंगभर केस आणि टक्क उघडे डोळे घेऊनच येतं. त्यासाठी मादी गर्भ जास्त दिवस वाढवते: रॅबिटला महिनाभर लागतो, युरोपातल्या हेअरला सुमारे सहा आठवडे.

आता भित्र्या सशाची गोष्ट आठवा. झाडाखाली पडलेला, पान पडताच ‘आभाळ पडलं’ म्हणून धूम ठोकणारा. रॅबिट असता तर गुपचूप बिळात शिरला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती!

इंग्रजीवाल्यांचाही घोळ कमी नाही. अमेरिकेतला ‘जॅकरॅबिट’ हा हेअर आहे आणि ‘बेल्जियन हेअर’ हा पाळीव रॅबिट.

कासवाचं तसं सोपं. ब्रिटिश इंग्रजीत जमिनीवरचं ते टॉर्टस, समुद्रातलं ते टर्टल. अमेरिकेत टर्टल म्हटलं की सगळीच कासवं आली. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले म्हणजे टर्टल. त्यांच्या पायांची वल्ही झालेली असतात. त्यांना शर्यतीला उभं केलं असतं, तर ससा दोन झोपा काढूनही जिंकला असता. शर्यतीतलं कासव टॉर्टस, हत्तीसारख्या जाडजूड पायांचं.

आणि त्या सशाला उगाच आळशी ठरवलंय. हेअर चरायला निघतो तो संध्याकाळनंतर. दिवसा तो खळग्यात पडूनच असतो. शर्यत भरदिवसा लावली होती.