लेबलखाली कोण? एमपीएलएसच्या जाळ्यातील दोन आयपी आवृत्त्या

एमपीएलएस म्हणजे पॅकेटला लेबल लावून, ते लेबल पाहूनच त्याला पुढे पाठवण्याची पद्धत. तिच्या एका लेबलनोंदीत ३२ बिट असतात: २० बिट लेबलच्या क्रमांकाला, ३ वाहतुकीच्या वर्गाला, १ हे तळाचे लेबल आहे की नाही ते सांगायला आणि ८ पॅकेटचे आयुष्य मोजायला. आत आयपीव्ही४ आहे की आयपीव्ही६ (इंटरनेट प्रोटोकॉलची जुनी आणि नवी आवृत्ती), हे सांगणारे एकही बिट त्यात नाही. जानेवारी २००१मध्ये आरएफसी ३०३२ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ही मांडणी निश्चित केली तेव्हा ते नजरचुकीने राहिले नव्हते. तळाचे लेबल काढणाऱ्या राउटरला त्या लेबलवरूनच आतला प्रोटोकॉल ओळखता आला पाहिजे, अशी अट त्याच दस्तऐवजात आहे. दोन्ही आवृत्त्या एकाच जाळ्यातून नेण्याचा पुढचा बराचसा खटाटोप या अटीपायी झाला.

आयपीव्ही६ची पहिली अधिकृत मांडणी डिसेंबर १९९५मध्ये आरएफसी १८८३ म्हणून प्रसिद्ध झाली होती, आणि एमपीएलएसच्या नावातच ‘मल्टिप्रोटोकॉल’ हा शब्द आहे. प्रत्यक्षात मात्र राउटरांमध्ये लेबल वाटणारा एलडीपी हा प्रोटोकॉल सेवादात्यांच्या जाळ्यांत आयपीव्ही४च्या पत्त्यांवरच चालत राहिला. आयपीव्ही६साठी त्याच्या नियमांतील संदिग्धता दूर करणारा आरएफसी ७५५२ यायला जून २०१५ उजाडले.

तोवर थांबणे शक्य नव्हते, म्हणून ६पीई ही युक्ती पुढे आली आणि फेब्रुवारी २००७मध्ये आरएफसी ४७९८ म्हणून नोंदली गेली. गाभ्यातील राउटरांना हात न लावता फक्त कडेचे राउटर दोन्ही आवृत्त्या जाणणारे ठेवायचे, आयपीव्ही६चे मार्ग बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलातून लेबलसह एकमेकांना कळवायचे, आणि पुढचा टप्पा (पॅकेट पुढे ज्या राउटरकडे पाठवायचे तो) म्हणून आयपीव्ही४चाच पत्ता आयपीव्ही६च्या साच्यात बसवून द्यायचा, अशी ती रचना आहे. येथे दोन लेबले का लागतात, हे पाहण्यासारखे आहे. शेवटून दुसरा राउटर बाहेरचे लेबल सहसा आधीच काढून टाकतो. आत दुसरे लेबल नसेल, तर त्या राउटरच्या हातात उघडे आयपीव्ही६ पॅकेट येते, आणि तो बिचारा फक्त आयपीव्ही४ जाणणारा असू शकतो. आतले लेबल ही नामुष्की टाळते. ग्राहकांच्या खासगी जाळ्यांसाठीची ६व्हीपीई ही भावंड-रचना सप्टेंबर २००६मध्येच आरएफसी ४६५९ म्हणून आली होती.

सेगमेंट राउटिंगने, म्हणजे पॅकेटची वाट टप्प्यांच्या यादीने ठरवण्याच्या पद्धतीने, एलडीपीची गरजच काढून घेतली. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत २०१३पासून त्यावर काम सुरू झाले, जुलै २०१८मध्ये आरएफसी ८४०२ने त्याची रचना मांडली आणि डिसेंबर २०१९मध्ये आरएफसी ८६६०ने एमपीएलएसवरचे तिचे वर्तन ठरवले. लेबल आता आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ या जाळ्याच्या आतले मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलांच्या मार्गमाहितीबरोबरच येते. ६पीई वापरणाऱ्यांना यासाठी फारसे काही बदलावे लागले नाही, कारण बाहेरचे लेबल कुठून आले याची आतल्या लेबलला फिकीर नसते.

आयपीव्ही६ला स्वतःची वाट द्यायची असेल तर मात्र क्रमांकांचा हिशेब नीट ठेवावा लागतो. समजा, लेबलांचा सामायिक पट्टा १६०००पासून सुरू होतो. एखाद्या राउटरच्या आयपीव्ही४ पत्त्याला ११ हा निर्देशांक दिला, तर त्याचे लेबल १६०११ होते. त्याच राउटरच्या आयपीव्ही६ पत्त्यालाही ११च दिला, तर एकाच लेबलवर दोन दावेदार उभे राहतात आणि टक्कर सोडवण्याच्या नियमांनुसार त्यांतला एकच टिकतो. म्हणून तेथे १११ किंवा असा दुसरा निर्देशांक देतात. आयएस-आयएस दोन्ही आवृत्त्यांचे मार्ग एकाच प्रोटोकॉलात वेगवेगळ्या नोंदींतून नेतो, त्यामुळे हे काम त्यात सुटसुटीत होते. ओएसपीएफमध्ये आयपीव्ही६साठी तिसरी आवृत्ती वेगळी लागते, आणि माझ्या मते दुहेरी जाळ्यांत आयएस-आयएसकडे कल असण्याचे हे एक सबळ कारण आहे.

वाहतुकीचा वर्ग शेवटच्या राउटरपर्यंत टिकवायचा असेल, तर आधीच्या राउटरने लेबल काढून न टाकता त्याजागी शून्य-लेबल ठेवावे, अशी विनंती तो शेवटचा राउटर करू शकतो. त्या शून्य-लेबलचा क्रमांक आयपीव्ही४साठी ० आणि आयपीव्ही६साठी २ असतो. आतला प्रोटोकॉल लेबलवर थेट लिहिल्यासारखा दिसतो तो येथेच, आणि हे दोन्ही क्रमांक २००१पासून राखीव आहेत.

आता उलटा प्रवासही होतो. आयपीव्ही४च्या मार्गाला आयपीव्ही६चा पुढचा टप्पा देण्याची सोय २००९च्या आरएफसी ५५४९मध्ये झाली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये आरएफसी ८९५०ने तिची जागा घेतली. त्यामुळे गाभा केवळ आयपीव्ही६चा ठेवून त्यावरून आयपीव्ही४ला पाहुण्यासारखे नेता येते.